काजाचा जनक

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरातला वर्ग काही सुटला नव्हता. कुणी दार जोरात लावलं, तर चष्म्यावरून अशी नजर यायची की दारानंच उभं राहून माफी मागावी. जन्मभर त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. दूधवाला त्यांना सर म्हणायचा, डॉक्टर सर म्हणायचे, आणि बायको होती तेव्हा तीही रागावली की सरच म्हणायची.

सून या घरात आली तेव्हा तिला पहिला पेच पडला तो हाक मारण्याचा. बाबा म्हणायला जीभ रेटेना आणि सासऱ्याला सर म्हणणं बरं दिसेना. त्यातून तिला पाहायला आले तेव्हा त्यांनी कुठल्याशा तहाचं साल विचारलं होतं आणि ते तिनं चांगलं शंभर वर्षांनी चुकवलं होतं. तेव्हापासून ती हाक न मारताच भागवायची. ‘चहा झालाय’ असं हवेत म्हणायची, आणि ज्याला हवा तो यायचा. सासूबाई होत्या तोवर हे चालून गेलं. सुनेचं सासऱ्याला आणि सासऱ्याचं सुनेला त्याच पोचवायच्या. त्या गेल्या आणि टपालच बंद पडलं. नवऱ्याचं वीज कंपनीत पाळ्यांचं काम, त्यामुळे तो घरात असला तरी झोपलेला असायचा.

सून गावातल्या छोट्या रेडिओ केंद्रावर निवेदिका होती. सकाळच्या बातम्यांआधी तिचा कार्यक्रम. हवामान, बाजारभाव, हरवलेली कुत्री-मांजरं, आणि शेवटी ‘आजच्या दिवशी’. कुठली लढाई झाली, कोण गादीवर बसलं, कुठल्या नटाचा वाढदिवस. सर हा भाग न चुकता ऐकत. कौतुकानं नव्हे, चुका काढायला. संध्याकाळी ती चपला काढत असली की पेपरातून डोकं वर न काढता म्हणत, “लढाई सकाळी नव्हती झाली. दुपारी झाली होती.” दोघांचं दिवसभराचं बोलणं ते एवढंच.

एके दिवशी सकाळी केंद्रात वीज गेली. यंत्रणा बॅटरीवर चालत राहिली, पण समोरचा संगणक मात्र डोळे मिटून बसला. हवामान तिला पाठ होतं, बाजारभाव कागदावर होते. ‘आजच्या दिवशी’ मात्र त्या काळ्या पडद्याच्या पोटात होतं. लाल दिवा लागलेला, काचेपलीकडचा तंत्रज्ञ हातवारे करून ‘बोला, बोला’ सांगतोय. तिनं तोंड उघडलं आणि पुढचं आपोआप आलं.

“आजच्या दिवशी,” ती म्हणाली, “फार फार वर्षांपूर्वी एक गृहस्थ जगात पहिल्यांदा छत्री विसरून आले. त्याआधी छत्र्या मोडायच्या, चोरीला जायच्या, वाऱ्यानं उडायच्या. पण नुसती कोपऱ्यात उभी करून विसरण्याचा मान या गृहस्थांकडे जातो. ते छत्री आणायला परत गेले आणि तिथं टोपी विसरून आले. आज वाढदिवस आहे त्या ज्येष्ठ अभिनेत्रीचा, जिनं असंख्य चित्रपटांत साखर मागायला येणाऱ्या शेजारणीचं काम केलं. बाईंनी आजवर एकाही चित्रपटात साखर परत केलेली नाही. हे सगळं, कदाचित. नमस्कार.”

लाल दिवा विझला. तंत्रज्ञ टेबलावर डोकं ठेवून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. तो रडतोय की हसतोय ते कळायच्या आत संचालिकाबाईंचं बोलावणं आलं. संचालिकाबाईंना हसताना केंद्रातल्या कुणी पाहिलं नव्हतं. नोकरी गेली, हे धरूनच ती आत गेली.

“त्या साखरेवाल्या बाई,” संचालिकाबाई म्हणाल्या, “माझी जाऊच. हुबेहूब.” मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, तोंडावरून हात फिरवला आणि नेहमीच्या आवाजात पुढे म्हणाल्या, “फोन थांबत नाहीत. एका आजोबांनी विचारलंय की त्या गृहस्थांचं स्मारक कुठं आहे, ते तिथं आपली छत्री ठेवून येणार आहेत. रोज असंच करा. फक्त ते ‘कदाचित’ विसरू नका. माझी नोकरी त्या शब्दावर उभी आहे.”

ती तरंगतच घरी आली. बैठकीच्या खोलीत पाय ठेवला आणि जमिनीवर उतरली. सरांनी रेडिओचं तोंड भिंतीकडे केलं होतं. वर्गात मस्ती करणाऱ्या पोराचं करतात, तसं. ते पेपर वाचत होते आणि आज लढाईबद्दल काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. ती रोज केंद्रावर गाव हसवायची आणि घरी येऊन भाजी चिरायची. ‘दुपारी झाली होती’ हे एवढंसं वाक्य आपल्याला इतकं हवं असतं, हे तिला पहिल्यांदाच कळलं. नवऱ्याला सांगितलं, तर तो अर्धवट झोपेत म्हणाला, “रेडिओ फोडला नाही ना? मग प्रेमात आहेत.”

आठवडाभरानं तिनं एका सम्राटाची गोष्ट सांगितली. नाव-गाव नसलेला सम्राट. ऐन लढाईच्या सकाळी त्याला डावा मोजा सापडेना. अख्खी फौज मोजा शोधायला लागली, शत्रूही दया येऊन शोधू लागला, आणि शेवटी मोजा घोड्याच्या पायात सापडला तोवर संध्याकाळ झाली, म्हणून तह करावा लागला. संध्याकाळी जेवताना नवरा कामावर होता. दोघंच समोरासमोर. चमच्यांचे आवाज.

“सम्राटाला मोजे नव्हते,” सर ताटाकडे बघत म्हणाले.

तिचा घास हातातच राहिला. “काय?”

“तू त्याला ढाल-तलवार दिलीस. ढाल-तलवारीच्या काळात मोजे कुठले? पायाला पट्ट्या गुंडाळत. खोटं बोलायचं तर निदान पट्टी हरवली म्हण.”

ती धीर करून म्हणाली, “पट्टी हरवली तर दुसरी फाडून घेता येते. मोज्याला जोडी लागते. गंमत जोडीत आहे.”

सरांनी मान वर केली. एखाद्या ढ मुलानं भलताच बरोबर प्रश्न विचारावा, तशी त्यांची नजर झाली. “हं,” ते म्हणाले. बराच वेळ चावत राहिले. “मग पादत्राण म्हण. पादत्राणाला जोडी असते. आणि काळही चुकत नाही.”

दुसऱ्या दिवशी रेडिओचं तोंड खोलीकडे वळलेलं होतं.

इथून पुढे त्या घरात जे सुरू झालं ते नवऱ्यालासुद्धा नीट कळलं नाही. तो झोपेतून उठून पाणी प्यायला यायचा, तर स्वयंपाकघराच्या टेबलावर मटारच्या शेंगांचा ढीग, एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला बायको, आणि दोघं हमरीतुमरीवर. “उशीचा शोध घोरण्याच्या आधी लागला की नंतर?” वडील विचारत, आणि शेंगेतले दाणे भांड्याऐवजी सालपटांत टाकत. सरांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिले होते. खऱ्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. खऱ्या दिवसाला हात लावायचा नाही. “आणि लढाईत मेलेल्यांवर विनोद नाही,” ते म्हणाले. “विसरलेल्या वस्तूंवर कर. त्यांच्या घरी रडणारं कुणी नसतं.”

सरांच्या डोक्यातून एकेक नग निघायला लागले. जगातली पहिली रांग, जिच्यात एकच माणूस उभा होता आणि तोही मधेच घुसला होता. आयुष्यभर पडद्यावर फक्त ‘डॉक्टरांना बोलवा’ एवढंच म्हणणारा नट, आणि त्याच्या वाढदिवसाला न चुकता येणारे डॉक्टर. ती पोट धरून हसायची. सर हसत नसत, पण कानाची पाळी लाल व्हायची. ती त्यांच्या हसण्याची जागा आहे, हे तिला एवढ्या वर्षांनी समजलं.

सरांची सगळ्यात लाडकी निर्मिती म्हणजे काजाचा जनक. त्यांचं म्हणणं असं, की बटण आधी निघालं आणि काज कितीतरी नंतर. मधली सगळी वर्षं लोक सदऱ्याला बटणं लावून त्यांच्याकडे नुसते बघत बसत. मग एका गरीब शिंप्याच्या हातून इस्त्रीनं सदरा जळला, छातीवर भोक पडलं, बायको रागावली, आणि त्यानं वैतागून बटण त्या भोकात कोंबलं. जगात पहिल्यांदा सदरा मिटला. “त्या रात्री गावातल्या लोकांची थंडी गेली,” सर म्हणाले.

“हे आगाऊ सांगू या,” तिनं सुचवलं. “येत्या रविवारी काजाच्या जनकाची जयंती.”

“सांग. लोकांना तयारीला वेळ मिळेल,” सर म्हणाले, आणि त्यांची पाळी लाल झाली.

वेळ मिळाला, आणि लोकांनी तयारीही केली.

शुक्रवारी दारात बाजारपेठेतले शिंपी उभे राहिले, पाच-सहा जण, सगळ्यांच्या गळ्यात मोजपट्ट्या. पुढे त्यांचे अध्यक्ष. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. मास्तर सरांच्या पाया पडले आणि म्हणाले, “सर, मला ओळखलंत का? तुम्ही मला इतिहासात दोनदा नापास केलं होतं.”

“खिडकीशेजारी बसायचास,” सर म्हणाले. “बस.”

मास्तर बसले नाहीत. “सर, न्हाव्यांचा दिवस असतो, बेकरीवाल्यांचा असतो. आमच्या धंद्याला आजवर माणूसच नव्हता. सोमवारी दुकानात रेडिओवर ऐकलं आणि मशीन थांबवली. रविवारी बाजारावरच्या सभागृहात जयंती करतोय. तसबीर काढून घेतलीय. काज करणाऱ्या मावशी आहेत ना, जन्मभर हातानं काजं केली त्यांनी, त्यांचा सत्कार ठेवलाय. आता इतिहासाचा माणूस म्हणजे गावात तुम्हीच. त्यांच्या चरित्रावर चार शब्द तुम्ही बोलायचे.”

सून चहाचा ट्रे घेऊन दारातच थिजली. “मास्तर,” ती म्हणाली, “मी शेवटी ‘कदाचित’ म्हटलं होतं. ते ऐकलंत ना?”

“तेवढ्यात पोरानं मशीन चालू केली होती,” मास्तर म्हणाले. “का? त्यात काही महत्त्वाचं होतं?”

ती खरं सांगायला तोंड उघडणार, तोच सर म्हणाले, “मी येतो.”

मंडळी गेल्यावर ती सरांकडे वळली. “हे काय केलंत? आत्ताच सांगून टाकलं असतं तर सुटलो असतो.”

“पाच जणांना दारात सांगायचं आणि बाकीच्यांनी तसबिरीला फुलं वाहायची?” सर म्हणाले. “ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांसमोर सांगायला हवं. आणि मला वेळ हवाय. इतकी वर्षं खऱ्या माणसांबद्दल बोललो. नसलेल्या माणसाबद्दल बोलायची सवय नाही.”

“मी बोलते. आवाज माझा होता.”

“माणूस माझा आहे,” सर म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी दार लावलं. हळूच.

रविवारी सभागृह भरलं होतं. प्रत्येकानं स्वतः शिवलेलं घातलं होतं, आणि इतके नीट बसणारे कपडे एका छताखाली तिनं कधी पाहिले नव्हते. व्यासपीठावर मोठी तसबीर. पाट्या रंगवणाऱ्यानं काढलेली. जाडजूड मिशांचा, थोडा चिडलेला माणूस, आणि छातीवर एकच भलंमोठं बटण. बाजूच्या खुर्चीत काजवाल्या मावशी. लहानखुऱ्या, ऐकायला कमी येणाऱ्या, मांडीवर हात ठेवून बसलेल्या. सुईनं बोटांची टोकं इतकी टणक झाली होती की त्या खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत, तेव्हा लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज यायचा.

सर उठले. पायऱ्यांवर त्यांचा तोल थोडा गेला, आणि पहिल्या रांगेतून सून पटकन म्हणाली, “बाबा, सांभाळून.” म्हटल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. सर थांबले, मागे वळून पाहिलं, आणि मग वर चढले.

“बसा,” ते म्हणाले. सगळे बसलेलेच होते, तरी आणखी नीट बसले.

“मी आज तुम्हाला या माणसाचं चरित्र सांगणार होतो. सांगता येत नाही, कारण हा माणूस झालाच नाही. हा मी आमच्या स्वयंपाकघरात मटार सोलताना तयार केला. माझ्या सुनेनं तो रेडिओवर वाचला आणि शेवटी ‘कदाचित’ म्हटलं, पण दोष तिचा नाही. जयंती आगाऊ जाहीर करायला हो मी म्हटलं.”

सभागृहात इतकी शांतता झाली की मावशींच्या बोटांचा आवाज ऐकू आला. मागून कुणीतरी म्हणालं, “आम्ही दुकानं बंद ठेवून आलो, सर.”

“मला ठाऊक आहे. त्याची मला लाज वाटते,” सर म्हणाले. त्यांच्या तोंडून असं वाक्य गावात कुणी ऐकलं नव्हतं. “तुम्ही आलात तेव्हापासून मी घरातली सगळी पुस्तकं काढून बसलोय. राजांनी कुठले कपडे घातले ते सगळं सापडतं. ते कुणी शिवले, हे एकाही पुस्तकात नाही. पहिलं काज कुणी तरी केलंच असणार ना? आपोआप तर पडलं नाही. त्या माणसाचं नाव मला सांगता येत नाही. मी जन्मभर तुमच्या पोरांना नावं आणि सालं पाठ करायला लावली आणि हे नाव नाही, हे माझ्या एकदाही लक्षात आलं नाही.” ते थांबले. पुढचं काही तरी त्यांनी ठरवून आणलं असावं, पण ते आठवेना. “एवढंच. माफ करा,” ते म्हणाले, आणि तिथंच उभे राहिले. उतरावं की नाही, ते त्यांना कळेना.

मास्तर पुढे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. रागानं की आणखी कशानं, सुनेला लांबून कळेना. त्यांनी तसबिरीकडे बघितलं आणि पाट्या रंगवणाऱ्याला विचारलं, “मग हा कोण?”

“माझा मामा,” रंगारी कोपऱ्यातून म्हणाला. “तुम्ही म्हणालात चिडका माणूस काढ.”

आधी एक जण हसला, मग तीन, मग सभागृह. मास्तरांनी हसू दाबायचा खूप प्रयत्न केला आणि त्यात त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटून उडालं, त्यामुळे हसणं आणखीच आवरेना. सगळे काही हसले नाहीत. दोघं-तिघं उठून गेले, आणि त्यातला एक पुढे कितीतरी दिवस रस्त्यात सर दिसले की पलीकडच्या बाजूनं जायचा. सरही त्याला दोष देत नसत.

मावशींना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या सरांची बाही ओढली. “काय झालं? ते आजारी आहेत का?”

सर वाकून त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, “ते नाहीतच. झालेच नाहीत.”

“अरेरे,” मावशी म्हणाल्या. थोडा विचार केला. “मग त्यांची फुलंपण मलाच द्या.”

सरांनी तसबिरीसमोरची सगळी फुलं उचलून मावशींच्या ओंजळीत घातली. ओंजळीत मावली नाहीत, मांडीवर पडली. मावशी ती एकेक उचलून गोळा करत राहिल्या आणि लोक टाळ्या वाजवत राहिले.

मास्तरांनी तसबीर फेकली नाही. ती मामाच्या घरी गेली आणि मामाला फार आवडली. शिंप्यांनी तोच रविवार आपला दिवस म्हणून ठेवला. कुणाची जयंती ते विचारलं की म्हणतात, मावशींची. मावशींना आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती, तेव्हा कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं.

केंद्रात मात्र संचालिकाबाईंनी सुनेला समोर बसवून चांगलंच फैलावर घेतलं. झापून झाल्यावर म्हणाल्या, “यापुढे ‘कदाचित’ आधी म्हणायचं, मधे म्हणायचं आणि शेवटीही म्हणायचं. आणि तुमच्या सासऱ्यांना आठवड्यातून एकदा इथं घेऊन या. त्यांनी ‘बसा’ म्हटलं की गाव बसतं, असं ऐकलंय.”

पहिल्या दिवशी सर इस्त्रीचा सदरा घालून आले. सुनेनं खुर्ची पुढे केली, तर म्हणाले, “मी बसून कधी शिकवलं नाही.” मग तंत्रज्ञानं मायक्रोफोनखाली जाडजूड पुस्तकं रचली, आणि सर टेबलावर बोटं टेकून उभे राहिले. तिनं विचारलं, “बाबा, पाणी हवं?” त्यांनी मान हलवली. लाल दिवा लागला.

“आज वाढदिवस आहे,” सर म्हणाले, “कदाचित, शाळेच्या त्या शिपायाचा, जो एकदा घंटा द्यायला विसरला.” मग ते सांगत गेले. तास कसा संपेनाच, मुलं कशी आधी कंटाळली, मग भुकेली झाली, मग मोठी झाली, एकेकाला मिशा आल्या, तरी गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलतच होते. काचेपलीकडे बातम्यांची वेळ झाली. वृत्तनिवेदक कागद घेऊन दारात उभा राहिला, घड्याळ दाखवू लागला. तंत्रज्ञानं सुनेकडे पाहिलं. आवाज बंद करायची कळ तिच्या हाताशी होती.

सरांच्या कानाची पाळी लालबुंद झाली होती. तिनं हात मांडीवर घेतला आणि वृत्तनिवेदकाला खुणेनं सांगितलं, बसा.